मे महिन्यातली मुंबई: नाटक, चित्रे आणि खाणे यांसाठी तीन दिवस

वखारभागकर:
नमस्कार मंडळी. दर उन्हाळ्यात आमचे घर कोकणात तरी जाते किंवा महाबळेश्वरला तरी. या वर्षी मात्र घरात एकमत झाले आहे (असे क्वचितच होते, म्हणून नोंद करून ठेवतो) की तीन दिवस मुंबईला जायचे आणि तेही केवळ नाटक, संग्रहालये, चित्रप्रदर्शने आणि खाणे यांसाठी. मॉल, वॉटर पार्क वगैरे यादीतून काढून टाकले आहे. आम्ही पाच जण आहोत: मी, पत्नी, ७२ वर्षांची आई, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे दुखतात, पण नाटक म्हटले की ती आधी तयार होऊन बसते. भावे नाट्यमंदिरात तिने पाहिलेल्या संगीत नाटकांच्या गोष्टी आम्हाला आता पाठ झाल्या आहेत. मुलगी इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा देऊन झाल्यापासून दिसेल त्या कागदावर काहीतरी रेखाटत असते. चिरंजिवांना खाण्यापलीकडे विशेष रस नाही.

सांगलीहून गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचे, शुक्रवारी सकाळी दादरला उतरायचे आणि रविवारी रात्री त्याच गाडीने परत, असा बेत आहे. पहिल्या दिवसासाठी मी लिहून काढलेला क्रम असा: गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, जहांगीर, दुपारी इराणी हॉटेल, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि रात्री नाटक. पत्नीने तो वाचला आणि काही न बोलता कागद परत दिला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठची:
आपल्या पत्नीने जे सांगितले नाही ते मी सांगते: हा एका दिवसाचा नव्हे, तीन दिवसांचा कार्यक्रम आहे. मी नोकरीनिमित्त ११ वर्षे मुंबईत काढली आणि आता सांगलीत विश्रामबागेत राहते, त्यामुळे दोन्हीकडचा उन्हाळा मला चांगला माहीत आहे. आपल्याकडे पारा चाळिशीकडे जातो, पण हवा कोरडी असते. सावलीत बसले की बरे वाटते आणि सूर्य कलला की कृष्णेवरून वारा येतो. मुंबईत आकडा तेहतीस-चौतीसच दिसतो आणि सांगलीचा माणूस फसतो. हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळतच नाही, शिवाय रात्रीही सुटका नसते. अशा हवेत आईंना घेऊन घारापुरीला जाऊ नका. गेटवेपासून सुमारे तासभर लाँच, त्यानंतर उन्हात शंभरावर पायऱ्या, एवढे झाल्यावर लेणी पाहण्याचे त्राण उरत नाही. ती हिवाळ्यासाठी ठेवा.

माझा अनुभव असा की मे महिन्यातल्या मुंबईत दिवस उलटा बांधावा लागतो. आपण ठिकाणांची यादी करतो आणि नाटक उरलेल्या वेळात बसवतो. त्याऐवजी नाटकाचे तिकीट आधी काढावे, ते नाट्यगृह ज्या भागात असेल त्याच भागात जेवावे आणि दुपारी अकरा ते चार या वेळेत जाड भिंतींच्या किंवा वातानुकूलित इमारतीत बसावे. दिवसाला एक दिशा आणि दोन ठिकाणे, यापेक्षा जास्त नको.

हरिपूरकर:
एक मूलभूत शंका. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. आमच्या हरिपूरला नाटककार देवलांचा वारसा आहे, नाटककार खाडिलकर सांगलीचेच. अशा नाट्यपंढरीतला माणूस नाटक पाहण्यासाठी रात्रभर गाडीत बसून मुंबईला जातो, हे पंढरपूरकराने विठ्ठलासाठी परगावी जाण्यासारखे नाही काय?

रंगपटातला:
हरिपूरकर काका, अभिमान मलाही आहे. हौशी नाटकातून मीही तोंडाला रंग लावला आहे. परंतु आपल्याकडे व्यावसायिक नाटक येते ते दौऱ्यावर. संच ट्रकने येतो, नेपथ्य कधी कधी आटोपशीर केलेले असते आणि नट आदल्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग करून आलेले असतात. कोणते नाटक कधी येईल हे आपल्या हातात नसते. मुंबईत तेच नाटक त्याच्या घरच्या मैदानावर पाहायला मिळते आणि शनिवार-रविवारी तर चार नाटकांतून एक निवडता येते. मराठी वृत्तपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडून कोणते पाहायचे यावर घरात भांडण करणे हा सुद्धा एक करमणुकीचाच कार्यक्रम आहे, जो सांगलीत होत नाही.

वखारभागकर, आपण दादरला उतरणार आहात तर श्री शिवाजी मंदिर सोडू नका. प्लाझा चित्रपटगृहासमोरचे हे नाट्यगृह १९६५ पासून उभे आहे. आईंसाठी दुपारी चारचा प्रयोग सर्वांत चांगला. बाहेर रस्ता भाजत असतो तेव्हा आपण आत गारव्यात असतो आणि बाहेर येतो तेव्हा उन्हे उतरलेली असतात. मध्यंतरातला बटाटेवडा हा प्रयोगाचाच भाग समजावा. घंटा झाल्यावर अर्धा वडा तोंडात कोंबून अंधारात आपली रांग शोधण्यात जी मजा आहे ती कोणत्याही परीक्षणात लिहिलेली नसते.

दुसरे नाटक मात्र मुद्दाम वेगळ्या जातीचे पाहा. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये सुमारे २०० माणसे बसतात आणि रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी प्रेक्षक असतात. नट आपल्यापासून चार हातांवर उभा असतो; त्याचा श्वास ऐकू येतो, कपाळावरचा घाम दिसतो. भाव्यात किंवा बालगंधर्वमध्ये विसाव्या रांगेतून नाटक पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिली दहा मिनिटे संकोचच वाटतो, कारण नटाला आपणही दिसत असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मुलांची नाटके आणि कार्यशाळा असतात, त्यामुळे चिरंजिवांचीही सोय होईल. हरिपूरकर काकांसाठी एक गंमत: पृथ्वी सुरू झाले ते १९७८ साली, ५ नोव्हेंबरला. म्हणजे आपल्या मराठी रंगभूमी दिनीच!

हरिपूरकर:
ही माहिती मला नव्हती. आक्षेप अर्धा मागे घेतो.

सातारची चित्रकर्ती:
मुलीचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा या एका चौकाच्या आसपास तिच्यासाठी तीन ठिकाणे अशी आहेत की एकातून निघून दुसऱ्यात जाईपर्यंत घाम येण्याइतकाही वेळ लागत नाही. काळा घोडा महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत होतो आणि तेव्हा तिथे माणसांचीच चित्रे पाहावी लागतात. मे महिन्यात तीच दालने निवांत असतात.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून करा. या इमारतीचे वास्तुकार जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवेचेच. पायाभरणी १९०५ ची, परंतु पहिल्या महायुद्धात तिचा रुग्णालय म्हणून वापर झाला आणि संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी खुली झाली १९२२ मध्ये. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नका. मी गेल्या वेळी लघुचित्रांच्या दालनात दीड तास होते आणि त्यातला अर्धा तास एकाच चित्रासमोर. तळहाताएवढ्या कागदावर पावसाळी आभाळ, त्यात केसाएवढ्या जाडीची पांढऱ्या बगळ्यांची रांग आणि प्रत्येक बगळ्याचा पाय वेगळ्या कोनात वळलेला. मुलीला वही आणि साधी पेन्सिल घेऊन जायला सांगा आणि तिने काय काढावे हे सांगू नका. मुलांसाठी आवारात वेगळे संग्रहालयही आहे. महाराष्ट्र दिनाच्या आसपास जाणार असाल तर उघडे आहे का ते आधी विचारून घ्या.

शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. आपल्या भागातली मुले तिथे दबकत जातात आणि लगबगीने बाहेर येतात. तसे करू नये. ‘हा रंग कसा लावला?’ एवढे विचारले तरी चित्रकार खुर्ची पुढे सरकवतो. विकत घेणाऱ्यापेक्षा विचारणारा त्याला अधिक वेळा भेटतो, आणि तो कंटाळत नाही. समोरच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, आपण शुक्रवारी जात आहात म्हणून अडचण नाही. आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत जातात, तेव्हा आईंनी खालीच बसावे.

जाता जाता थोडे स्थानिक: सातारा जिल्ह्यातल्या औंधचे भवानी संग्रहालय मुलीने पाहिले आहे का? भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभारले. तिथे राजा रविवर्मा आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे मातृशिल्पही आहे. सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मुंबईच्या आधी औंध पाहिले तर तिची नजर तयार होऊन जाईल. मुंबई पाहून आल्यावर औंधला नेले तर काय म्हणेल, हेही ऐकायला आवडेल.

मिरजेचा खवय्या:
चिरंजिवांची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो.

दादरला सकाळी उतरल्यावर सामान ठेवून पहिली धाव प्रकाश उपाहारगृहाकडे. साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड ताकात विरघळवल्यासारखे केशर-जायफळाचे पेय, मे महिन्यात त्याला तोड नाही, पण एकच पेला घ्यावा, दुसऱ्या पेल्यानंतर माणूस नाटकात घोरतो. गडकरी चौकातल्या आस्वादची मिसळ २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती. ती जरूर खा, मात्र सांगली-कोल्हापूरच्या कटाची अपेक्षा ठेवू नका. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा रस्सा तीन वेळा मागवला आणि तिखटाचा डबा कुठे आहे असे विचारले. वाढणाऱ्याने ‘पाहुणे सांगलीचे का?’ असे विचारून मला गप्प केले. आता वय झाल्यावर तीच मिसळ बरी वाटते.

दुपारचे जेवण माटुंग्याला ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये घ्यावे. १९४२ पासूनची ही खानावळ. केळीच्या पानावर भात, रसम, सांबार, भाज्या, ताक. वाढपी ओळीने येत राहतात आणि हात आडवा धरेपर्यंत थांबत नाहीत. रसम पानावरच्या भातात ओतले की ते आपल्या दिशेने धावत सुटते. त्याला भाताचा बांध घालून आधी खड्ड्यात अडवायचे आणि मग कालवायचे, हे कसब शेजारच्या टेबलावरच्या काकांकडून पाहून शिकावे. फक्त जेवणघर पहिल्या मजल्यावर आहे, आईंना जिना चालेल का ते बघा.

शुक्रवारी काळा घोड्याला असाल तर बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया जवळ पडेल. १९२३ चे पारशी-इराणी उपाहारगृह, दुपारपुरतेच उघडे असते. बेरी पुलाव म्हणजे भातावर इराणी आंबट-गोड लाल बेरी पेरलेल्या. सोबत रासबेरी सोडा. काही लोक म्हणतात की नाव मोठे झाले आणि किंमतही. मला ते पटते, तरीही मी जातो.

भेंडी बाजार, मोहम्मद अली रोड यांविषयी मी मुद्दाम लिहीत नाही. एवढ्या उन्हात, एवढ्या गर्दीत, पाच जणांचे कुटुंब घेऊन तिथे खाण्याचे सुख लागत नाही.

वखारभागकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागद फाडून नवा केला आहे. शुक्रवारी काळा घोडा आणि ब्रिटानिया, शनिवारी माटुंग्याला जेवण करून संध्याकाळी जुहूला पृथ्वी, रविवारी दादरला चारचा प्रयोग आणि तिथूनच परतीची गाडी. दोन प्रश्न उरले. दादर ते काळा घोडा आईला लोकलच्या गर्दीतून कसे न्यावे? आणि चारचा प्रयोग पाहून रात्रीची महालक्ष्मी सापडेल का?

कृष्णाकाठची:
लोकलची गरजच नाही. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. दादरला बसून हुतात्मा चौकात उतरा. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, डबा गार आहे. माझ्या काळी ही सोय असती तर माझे गुडघे आज शाबूत असते. जुहूसाठी पश्चिम रेल्वेने पार्ल्याला उतरून रिक्षा करा. दादर-माटुंगा भागात रिक्षा मिळणार नाही, त्या वांद्र्यापासून पुढेच.

चारचा प्रयोग साधारण पावणेसातपर्यंत संपतो आणि महालक्ष्मी मुंबईहून साडेआठच्या सुमारास सुटते, नेमकी वेळ तपासून घ्या. परतीचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, मे महिन्यात ते पहिल्याच दिवशी संपू लागते, तेव्हा नाटकाच्याही आधी ते तिकीट काढा. ‘तिकीट आधी’ हे मी नाटकाविषयी म्हटले होते, ते रेल्वेलाही लागू आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जाण्यापूर्वी ओव्हल मैदानाच्या कडेने एक फेरी मारा. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांची गॉथिक रांग, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या गोल सज्जांच्या निवासी इमारती. २०१८ मध्ये या दोन्हींना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. एकाच मैदानाच्या दोन काठांवर दोन शतके समोरासमोर उभी आहेत आणि मध्ये पोरे क्रिकेट खेळत असतात. नंतर चर्चगेटजवळ के. रुस्तमचे आइस्क्रीम घ्या. दोन पातळ वेफरच्या मध्ये आइस्क्रीमची जाड वडी ठेवून देतात. ते कडेकडेने खात जावे लागते. मधूनच चावा घेतला की उरलेली वडी मागच्या बाजूने सदऱ्यावर येते.

रंगपटातला:
एक इशारा राहिला. छोट्या नाट्यगृहांत प्रयोग सुरू झाल्यावर दार उघडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तीन वर्षांपूर्वी मी उपनगरातल्या अशाच एका नाट्यगृहाशी रिक्षा अडकल्यामुळे सात मिनिटे उशिरा पोहोचलो. हातात तिकिटे होती, दाराच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसत होती, आतून हशा ऐकू येत होता आणि दारावरचा मुलगा अत्यंत नम्रपणे नकारार्थी मान हलवत होता. मी त्याला सांगलीहून आल्याचे सांगितले. तो म्हणाला, ‘सर, मग तर तुम्हाला समजेलच.’ यावर मला बोलायला जागा उरली नाही. शनिवारी रस्त्यांचा भरवसा नसतो, तासभर आधी पोहोचा. पृथ्वीच्या आवारात झाडाखाली बसून सुलेमानी चहा पिण्यात तो तास सहज जातो.

वखारभागकर:
परवा परतलो. सविस्तर लिहायला वेळ लागला, कारण मुलीची वही मिळत नव्हती आणि तिच्याशिवाय मला क्रम आठवत नव्हता.

शुक्रवार सुरळीत गेला. जहांगीरमध्ये मुलीने खरोखरच एका चित्रकाराला विचारले आणि तो तिच्याशी पाऊण तास बोलत बसला. ब्रिटानियात चिरंजिवांनी बेरी पुलावातल्या बेऱ्या वेचून वेगळ्या काढल्या आणि शेवटी एकदम खाल्ल्या. शनिवारी रामा नायकांचा जिना आई दोन टप्प्यांत चढली. वर गेल्यावर मात्र पानावरून उठायला तयार नव्हती. त्यामुळे आम्हाला उशीर झाला आणि रंगपटातल्यांचा इशारा आठवून माझा जीव पार्ल्यापर्यंत टांगणीला लागला. पोहोचलो तेव्हा प्रयोगाला वीस मिनिटे होती. सुलेमानी राहिला.

नाटक हिंदी होते. आईला हिंदी बेताचेच समजते, म्हणून मी मधूनमधून तिच्या कानाशी अर्थ सांगू लागलो, तर तिने हात धरून मला गप्प केले. बाहेर आल्यावर विचारले, तेव्हा म्हणाली की बोललेले सगळे कळले नाही, पण समोरच्या बाईच्या हातातली बशी खरोखर थरथरत होती, ते तिने एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. रविवारच्या शिवाजी मंदिरातल्या प्रयोगाला ती मनमुराद हसली, पण गाडीत रात्री पुन्हा विषय निघाला तो त्या बशीचाच.

ओव्हल मैदानाची फेरी पावसासारख्या घामात झाली आणि के. रुस्तमची वडी माझ्याच सदऱ्यावर आली. आता मुलीने औंधचे दिवस विचारले आहेत. सातारच्या ताई, तिथली वेळ आणि सुट्टीचा वार कळवाल का?